साकव पाहिजे? मग वाडी उचला आणि सीमेवर नेऊन ठेवा

गणपतीला गावी जाऊन हाडं शाबूत घेऊन परत आलेल्या सगळ्या चाकरमान्यांचं आधी अभिनंदन. आता मुद्द्यावर येतो. तुमच्या गावचा पूल पडलाय, रस्ता उखडलाय, साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पायपूल वाहून गेलाय, आरोग्य केंद्रात गळतीखाली बादली ठेवलीय, आणि तुम्ही अजूनही अर्जाच्या झेरॉक्सा काढत ऑफिसांच्या पायऱ्या चढत असाल, तर तुमच्यासारखे येडे तुम्हीच. मी पण तसलाच. चौदा महिने तेच केलं. आता डोकं ठिकाणावर आलंय म्हणून चार गोष्टी सांगतो, फुकट आहेत, पटल्या तर घ्या.

सगळ्यात पहिली गोष्ट, साकव हा शब्दच टाकून द्या. साकव म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यासमोर दोन पोफळीची खोडं, त्यावरून जाणारी एक म्हातारी आणि मागे बकरी एवढंच येतं. असल्या गोष्टीला कोण पैसे देणार? अर्जात लिहायचं "सामरिक महत्त्वाचा सेतू". सामरिक म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसलं तरी चालतं, वाचणाऱ्यालाही माहीत नसतं, पण खुर्चीत जरा सावरून बसतो.

मी साधा साकव लिहिला होता. फळं भोगली. आमची वाडी बावीस घरांची, मध्ये पऱ्या म्हणजे ओढा, आणि पऱ्यावरचा साकव गेल्या वर्षीच्या जुलैत रात्रीत गेला. एक खांब तेवढा राहिलाय, कावळ्यांना बसायला. साहेबांकडे गेलो तर त्यांनी रजिस्टर काढलं, थुंकी लावून पान उलटलं आणि म्हणाले, अहो तुमचा साकव सुस्थितीत आहे. म्हटलं साहेब वाहून गेला. म्हणे नोंदीत सुस्थितीत आहे ना, मग सुस्थितीतल्या साकवाच्या जागी नवीन कसा मंजूर करणार, आधी वाहून गेल्याचा पंचनामा आणा. पंचनाम्याचा माणूस दोनदा पऱ्याच्या अलीकडून बघून परत गेला, कारण पलीकडे यायला साकव नव्हता. बरं या सगळ्या वेळात साहेबांच्या डोक्यामागे एक कॅलेंडर लटकत होतं, त्यावर तीन लढाऊ विमानं तिरंगी धूर सोडत वर चाललेली. सुंदर फोटो होता, खोटं का बोला. निधी नाही हे वाक्य मी त्या विमानांकडे बघत सात वेळा ऐकलंय.

दुसरी गोष्ट. वाडीची जागा चुकलीय तुमच्या, ती बदला. लडाखमधे उमलिंग ला म्हणून खिंड आहे, उंची १९,०२४ फूट. प्राणवायू अर्धा, थंडीत पारा उणे चाळीसपर्यंत जातो, तिथे सीमा रस्ते संघटनेने म्हणजे बीआरओने काळा कुळकुळीत डांबरी रस्ता केला, २०२१ मधे गिनीज बुकात नाव गेलं. रोहतांगच्या पोटातून ९ किलोमीटरचा अटल बोगदा काढला, २०२० मधे वाहतूक पण सुरू. आणि आमची वाडी समुद्रापासून इतकी जवळ की वारा असला तर सुक्या मासळीचा वास येतो, प्राणवायू भरपूर, थंडी म्हणजे जानेवारीत एक गोधडी, आणि पऱ्या रुंदीला चाळीस फूट. हेच तर चुकलं. एवढं सोपं काम करायचं म्हणजे इंजिनिअरचा अपमानच की.

शिवाय सीमेवर गेलात की भाव केवढा वाढतो बघा. २०२३ मधे केंद्राने व्हायब्रंट व्हिलेजेस म्हणून योजना आणली, चीनच्या बाजूच्या सीमेवरच्या गावांसाठी ४,८०० कोटी, त्यातले २,५०० कोटी नुसत्या रस्त्यांना. या गावांना आता देशातलं शेवटचं गाव म्हणायचं नाही, पहिलं गाव म्हणायचं. चांगलंच आहे, त्या लोकांनी बर्फात पिढ्या काढल्यात, मिळायलाच पाहिजे त्यांना. आमची गोची एवढीच की आम्ही पहिलेही नाही आणि शेवटचेही नाही. आम्ही मधले. पंगतीत मधे बसलेल्या माणसापर्यंत जिलबी पोचत नाही तसले मधले.

शेजारी चीन मिळत नसेल तर निदान पाकिस्तान तरी बघा.

हायवेवाल्यांसाठी वेगळा सल्ला आहे. रस्त्यावर गाडी चालणार आहे असं चुकूनही सांगू नका, विमान उतरणार आहे म्हणा. राजस्थानात बाडमेरजवळ राष्ट्रीय महामार्गावर ३ किलोमीटरची धावपट्टी केलीय, २०२१ मधे संरक्षणमंत्री आणि रस्तेमंत्री दोघं हवाई दलाच्या विमानातून चक्क हायवेवर उतरले. मी तो व्हिडिओ माणगावच्या ट्रॅफिकमधे बसून बघितला, तीनदा बघितला, वेळ होता. आपला मुंबई-गोवा, ज्याला आमचे जुने लोक अजून सतरा नंबर म्हणतात आणि कागदावर आता ६६ आहे, त्याचं चौपदरीकरण २०११ मधे सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेला माझा मुलगा आता नववीत आहे, त्याला मिसरूड फुटायला लागली. दर गणपतीला नवी तारीख येते, पुढच्या गणपतीला तीच तारीख शालू नेसून परत येते. कोर्टाने किती वेळा झापलं त्याचा हिशोब कोर्टाकडेही नसेल. चिपळूणचा उड्डाणपूल तर ऑक्टोबर २०२३ मधे पूर्ण व्हायच्या आधीच खाली बसला, बिचारा दमला असेल. त्यापेक्षा एक करा, पळस्पे फाट्यापासून खाली अख्खी धावपट्टी जाहीर करा. विमानाला खड्डा चालत नाही असं ऐकून आहे.

नौदलाचा पण एक मार्ग आहे पण तो जपून वापरा. २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्गात झाला, पंतप्रधान आले, मालवणला राजकोट किल्ल्यावर महाराजांचा ३५ फुटी पुतळा उभा राहिला. आठ महिन्यांनी, २६ ऑगस्टला, खाली आला. वारा जोरात होता म्हणाले. समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा आहे, साडेतीनशे वर्षं तोच वारा खातोय, त्याला कोणी विचारलं नाही.

आता जरा नाजूक विषय. माणसं. वाडीत माणसं किती आहेत यापेक्षा किती जातील हे महत्त्वाचं असतं, आणि एकदम जायला पाहिजेत, सुटी सुटी नाही. सुटी गेलेली धरत नाहीत. महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री गेला, दोन एसट्या प्रवाशांसकट गेल्या, कित्येक दिवस खाडीत शोध चालला होता. आणि मग नवीन पूल किती दिवसात झाला माहितीय? १६५ दिवसात. म्हणजे येतं! करता येतं! कोकणात, याच हायवेवर, याच सरकारी माणसांना, याच पैशांत करता येतं. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर सप्टेंबर २०१७ मधे २३ माणसं चेंगरून मेली, तो जिना अरुंद आहे हे तिथून रोज जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही माहीत होतं, मी सहा वर्षं गेलोय त्याच्यावरून, खांद्याला खांदा लावून, पाय जमिनीला न टेकता. मग काय झालं, तर लष्कराला बोलावलं. लष्कराने तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला पूल बांधले आणि फेब्रुवारी २०१८ च्या शेवटी ते सुरू पण झाले. देशाच्या आर्थिक राजधानीत लोकलचा जिना बांधायला सैन्य लागलं. तेव्हा काही माजी सैनिकच म्हणाले होते की आमची कामं ही नव्हेत, आम्हाला शेवटी बोलवायचं असतं. त्यांचं बरोबर होतं. पण पूल उभा राहिला हेही बरोबर.

आणि २०२५ च्या जूनमधे पुण्याजवळचा कुंडमळा. इंद्रायणीवरचा लोखंडी सांगाडा, रविवार, लोक पाणी बघायला आलेले. चार जण गेले. चारच. म्हणून दोन दिवस बातमी चालली.

हे लिहिताना हात थरथरतोय, विनोद जरा बाजूला गेला, आणतो परत.

लष्कराला बोलावण्याचा सल्ला मात्र खरंच चांगला आहे. केरळात वायनाडला २०२४ मधे डोंगर खाली आला तेव्हा चूरलमलाला १९० फुटांचा बेली ब्रिज, म्हणजे सुटे भाग जोडून उभा करायचा लोखंडी पूल, सैन्याने ३१ तासांत उभा केला. तिथे पुलावर उभ्या असलेल्या मेजर सीता शेळके, आपल्या नगरच्या पारनेर तालुक्यातल्या, त्यांचा फोटो तुम्ही पण स्टेटसला ठेवला असणार, मी ठेवला होता. ३१ तास. आमचा पऱ्या चाळीस फूट. त्रैराशिक मांडलं, साडेसहा तास येतात. चहापाणी धरून आठ. आमची फाईल साडेसहा तासांत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पण जात नाही, मधे जेवणाची सुट्टी असते.

पुढची टीप, हिशोब करू नका. ही सगळ्यात महत्त्वाची. हिशोब केला की माणूस देशद्रोही होतो, मी करून बघितलंय. आमच्या वाडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात मी एका रात्री झोप येत नव्हती म्हणून सहज टाकलं की बाबांनो, २०२५-२६ च्या केंद्राच्या बजेटात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी आहेत, सगळ्या खात्यांत जास्त, एकूण ५० लाख ६५ हजार कोटीतले, म्हणजे रुपयातले तेरा-साडेतेरा पैसे, रस्ते वाहतूक मंत्रालयाला २ लाख ८७ हजार कोटी, आरोग्याला लाख कोटीच्या आसपास, आणि आपल्या साकवाचं एस्टिमेट ३२ लाख. २०१६ च्या करारातली ३६ राफेल विमानं, शस्त्रं आणि सुटे भाग धरून, साधारण ५९ हजार कोटींना, म्हणजे एक पडलं सोळाशे कोटींच्या वर. सोळाशे कोटीत ३२ लाखांचे पाच हजार साकव होतात. एवढंच लिहिलं. पुढे एक हसणारा चेहरा पण टाकला होता.

अर्ध्या तासात ठाण्याच्या आमच्या चुलतभावाचा मेसेज, "दादा, साकवावरून शत्रू येईल तेव्हा काय करशील". त्याला बावीस अंगठे. त्या ग्रुपवर साकवाच्या वर्गणीच्या मेसेजला तीन अंगठे आले होते, त्यातला एक माझा. मग दुसरा म्हणाला देश आधी. तिसऱ्याने विमानांचा व्हिडिओ टाकला, मागे ढोल. चौथा, जो वकिलीच्या पहिल्या वर्षाला दोनदा बसलाय, त्याने समजावलं की संरक्षण केंद्राच्या यादीत, रस्ते राज्याच्या यादीत, साकव जिल्ह्याचा, तू दोन खिशांची गल्लत करतोयस. बरोबर आहे रे बाबा. खिसे वेगळे आहेत. हात कुणाचा आहे आणि तो कुठल्या खिशात पटकन जातो एवढंच बघतोय मी. आणि सहासष्ट नंबर कुणाच्या यादीत आहे? तो तर केंद्राचाच ना? चौदा वर्षं?

आणि ऐका, मी राफेल विका म्हणत नाहीये. शेजार कसला मिळालाय ते दिसतंय, विमानं लागणार, तोफा लागणार, वेळेवर लागणार, त्यात काटछाट करा असं म्हणायची माझी अक्कलही नाही आणि इच्छाही नाही. एक राफेल कमी घेतलं तर पाच हजार साकव होतील हे गणित खोटं आहे, मलाही माहितीय, उरलेले पैसे साकवाकडे आलेच नसते, वाटेत पाचशे खिसे आहेत. मला फक्त ती घाई पाहिजे. उमलिंग लाला जी घाई लागते ती. सावित्रीला माणसं मेल्यावर लागली ती, पण मरायच्या आधी.

बरं, तुम्ही म्हणाल सगळे पैसे जवानाच्या हातात जातात, त्याच्या ताटातलं कशाला काढता. बघू या कुठे जातात. माझ्या काकीचा नातू, सुज्या, अग्निवीर आहे, लडाखला असतो. चार वर्षांची नोकरी, नंतर शंभरातले पंचवीस ठेवणार, उरलेले पंच्याहत्तर हातात साधारण पावणेबारा लाख घेऊन घरी, पेन्शन नाही. पेन्शनचं बिल फार होतं, २०२५-२६ चं १ लाख ६० हजार कोटी, म्हणून काटकसर. म्हणजे काटकसर होते बरं का! संरक्षणात होते! सुज्याच्या पेन्शनवर होते. देश आधी म्हणणाऱ्या ग्रुपवर याबद्दल एक अंगठा नाही.

सुज्या यंदा गणपतीला सुट्टीवर आला. लेहवरून विमानाने मुंबईला एका दिवसात पोचला, मुंबईवरून वाडीवर यायला पंधरा तास. दुसऱ्या दिवशी गौरीजेवणाच्या गडबडीत काकीला चक्कर आली, अंग थंड पडलं, घाम. रिक्षा पऱ्याच्या पलीकडे. पाऊस लागलेला, पाणी कमरेच्या वर. प्लास्टिकची खुर्ची आणली, दोन बांबू बांधले, आणि पुढून सुज्या मागून मी, अजून दोघं बाजूला. काकी सत्तर किलोची बाई, खुर्चीत डोळे मिटून बसलेली, पदर तोंडात धरलेला, मधेच एकदा डोळे उघडून म्हणाली "मेल्यांनो, मला पाडू नका, साडी नवी आहे". माझा पाय शेवाळावरून सरकला तेव्हा मी जोरात काय ओरडलो ते इथे लिहिता येणार नाही. सुज्या मात्र गप्प, एकेक पाऊल टाकत, पाण्याचा जोर कुठून येतो ते बघत चाललेला. शिकवलंय त्यांना. पलीकडे गेल्यावर धापा टाकत एवढंच म्हणाला, "काका, तिकडे असा नाला आला तर आम्ही पूल टाकल्याशिवाय गाडी पण नेत नाही."

काकी वाचली. साखर उतरली होती. तीन दिवसांनी घरी आली, परत त्याच खुर्चीतून.

तर हे सगळं झाल्यावर मी ऑफिसात फोन केला. म्हणाले, आता निधी मार्चनंतर. कॅलेंडर तेच असेल अजून.

आता टीप वगैरे राहू दे. तुम्हाला सरळ विचारतो, तुम्ही जे हे वाचताय ना, हसत हसत पुढे पाठवायला बोट सरकवताय ते तुम्ही. सव्वीस जानेवारीला टीव्हीसमोर बसून मिसाईलची रेंज पोराला पाठ सांगता. तुमच्या गल्लीतल्या गटाराचं टेंडर कधी निघालं ते सांगता येईल? तुमच्या नगरसेवकाला, सदस्याला, आमदाराला, जो मत मागायला दारात आला तेव्हा तुम्ही ओवाळलात, त्याला शेवटचं कधी विचारलंत की बाबा त्या पुलाची तपासणी झालीय का, कागद दाखव? नाही विचारलंत. विचारणाऱ्याला मात्र तुम्ही सीमेवरच्या जवानाचं नाव घेऊन गप्प बसवता. कुठल्या जवानाचं? सुज्याचं? त्याला विचारून घेता का त्याचं नाव? त्याने तुम्हाला सांगितलं का की माझ्या आजीला खुर्चीवरून न्या पण विमानाबद्दल एक शब्द काढू नका? त्याच्या जिवावर तुम्ही स्टेटस टाकता आणि त्याच्या घरी जायच्या साकवाला वर्गणी मागितली की मेसेज वाचून पुढे जाता, निळ्या खुणा दिसतात रे आम्हाला. सरकारला शिव्या देऊन माझं झालंय, सरकारला बरोबर कळलंय की आपण कशाला टाळ्या वाजवतो आणि कशाला जांभया देतो, त्यांनी खर्चाची यादी आपल्याच तोंडाकडे बघून केलीय.

आणि मी पण त्यातलाच, हो. कॅलेंडरवरची विमानं बघून सात वेळा गप्प बसून परत आलो, एकदाही त्या टेबलावर हात आपटला नाही.

सुज्या परत गेला त्या दिवशी पहाटे पाच वाजता निघाला. पॅंट गुडघ्याच्या वर, बूट गळ्यात अडकवलेले, बॅग डोक्यावर, पऱ्यातून. कोणीतरी मागून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, "आपला वाघ निघाला सीमेवर". हार, झेंडे, हात जोडलेले, मोजत बसलो नाही. ठाण्याच्या भावाने तर तीन वेळा टाकले.

त्या फोटोत डाव्या कोपऱ्यात एक खांब दिसतो. झूम करून बघा, त्यावर कावळा पण आहे.